शिट्टीचा स

दातांच्या त्या लॅबमध्ये दिवसभर सगळ्यांची तोंडं उघडी असत. फळीवर ओळीने मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांची, आणि खाली टेबलाला बसलेल्या दोन माणसांची. जबडे निदान गप्प तरी असत.

त्या दोघांपैकी एक मेणबुवा. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी पेशंटच्या तोंडाचं माप पाठवलं, की त्याचा साचा ओतायचा आणि त्यावर आधी मेणाचे दात कोरून दाखवायचे, हे त्याचं काम; आणि कोरता कोरता जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत ठोकून देणं, हा त्याचा स्वभाव. दुसरा त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मेणाचे दात पसंत पडले की त्याबरहुकूम पोर्सेलीनचे खरे दात भट्टीत भाजून काढणारा. त्याला सगळे कुकर म्हणत. त्याच्या वरच्या दोन दातांत फट होती, आणि 'स' म्हणताना त्या फटीतून अशी काही शिट्टी निघे, की नवीन माणूस गॅस बंद करायला उठे.

मेहुण्या-मेहुण्यांना भांडायला जगात विषयांचा तुटवडा नसतो. या दोघांनी मात्र एकच विषय धरला होता आणि वर्षानुवर्षं तो इमानेइतबारे चालवला होता. रॅप करणाऱ्यांत मोठा कोण, वस्तरा की हेडमास्तर?

वस्तरा मेणबुवाचा. हा गडी शब्द इतक्या वेगाने सोडायचा की ऐकणाऱ्यालाच धाप लागायची. त्याने तीन अल्बम काढले, ऐन भरात माइक खाली ठेवला आणि फरशांचं दुकान टाकलं. हेडमास्तर कुकरचा. तो संथपणे, एकेक शब्द तोलून, वर्गात हजेरी घेतल्यासारखा बोलायचा. वीस वर्षं बोलत होता आणि थांबायचं काही चिन्ह नव्हतं. त्याच्याही समोरच्या दोन दातांत फट होती आणि त्याच्याही 'स'ला शिट्टी होती. ती शिट्टी वाजली की भरलेली मैदानं वेडी व्हायची, पोरं तोंडात बोटं घालून साथ द्यायची, आणि शहाणीसुरती माणसं वर्तमानपत्रात तिच्यावर लेख लिहायची.

"ऐक," मेणबुवा मेणाची सुरी ज्योतीवर धरत म्हणायचा. "'कागदाचा किल्ला, बापाचा सल्ला, पगाराच्या दिवशीच पोटाचा हल्ला, फाटका गल्ला, साहेबाचा कल्ला', आणि हे सगळं एका श्वासात! आहे कुणाची टाप?"

"ही सामानाची यादी झाली, भावजी," कुकर भट्टीचं दार लावत म्हणायचा. "आणि श्वासच मोजायचा असेल तर पाणबुड्याला ऐका. तोही दम धरतो."

"मग तुझा हेडमास्तर काय म्हणतो? 'सरळ सांगतो, सरळ ऐका, सरळ रेषा नसते. सरळ दिसतो त्याच्या खिशात सुरी सापडत असते.' नसते आणि असते! याला यमक म्हणत नाहीत रे, व्याकरण म्हणतात."

"अर्थ बघा ना, अर्थ."

"अर्थ काय, तर माणसाने जपून राहावं. हे तर लिफ्टच्या दारावरही लिहिलेलं असतं."

"आणि पंधरा-पंधरा वर्षांची पोरं आजही त्याची गाणी पाठ करतात, ते? याला लेगसी म्हणतात. तुमच्या वस्तऱ्याने मागे काय ठेवलं? बाथरूमच्या फरशा."

"निदान पाय तरी घसरत नाही. तुझा हेडमास्तर बिस्किटाच्या जाहिरातीत नाचला, तेव्हा कुठे गेली होती लेगसी?"

"नाचला नाही. उभा होता."

"बिस्किट नाचत होतं, तो उभा होता. बरोबर. चुकलंच माझं."

असं चालायचं. लॅबची मालकीण दाराशी येऊन दोघांकडे पाहायची आणि काम वेळेवर होतंय म्हणून काही न बोलता परत जायची. मेणबुवाला या वादात जी मजा यायची ती त्याला संसारात इतरत्र कुठे मिळत नसे, हे तो बायकोसमोर सोडून कुठेही कबूल करायला तयार होता.

फक्त एका मुद्द्यापाशी वाद थांबायचा. कुकर म्हणायचा, "आणि ती शिट्टी, भावजी? प्रत्येक 'स' बरोब्बर ठेक्यावर पडतो. मुद्दाम केलंय ते. तोंडातच वाद्य आहे त्याच्या." यावर मेणबुवाच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार असायचं, की कसलं वाद्य, फट आहे ती, वारा जातो. एकदाच ते त्याने बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी कुकरने भट्टीकडे तोंड फिरवलं ते जेवायच्या सुट्टीपर्यंत, आणि घरी बायकोने मेणबुवाला फैलावर घेतलं ते झोपेपर्यंत.

कारण कुकरची गोष्ट अशी होती, की वयाच्या विशीपर्यंत त्याने 'स'शिवाय आयुष्य काढलं होतं. शाळेत पोरांनी शिट्टीवरून त्याची इतकी पिसं काढली, की त्याने ते अक्षरच टाकून दिलं. साखर हवी असेल तर तो "गोड टाका" म्हणायचा. सकाळ म्हणायच्या ऐवजी "उजाडल्यावर" म्हणायचा. सातचा आकडा बोटांनी दाखवायचा. दुकानात साबण मागायची वेळ आली की ताईला पुढे करायचा, आणि ताई बरोबर नसेल तर मळक्या कपड्यांनी राहायचा. मेणबुवाचं लग्न ठरलं तेव्हा हा भावी मेहुणा त्याला दोन तासांत "हो", "नाही" आणि "पाणी घ्या" एवढंच बोलला होता. मुलगा भारी गंभीर आहे, असं मेणबुवाच्या घरच्यांचं मत पडलं.

मग हेडमास्तरचं पहिलं गाणं आलं. बसमध्ये कुणाच्या तरी फोनवर वाजत होतं. कुकर ते ऐकत आपला थांबा सोडून शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मेणबुवा त्याला घेऊन दुकानात गेला होता, तिथे त्याने भर गर्दीत काउंटरवर हात ठेवून, खणखणीत शिट्टीसकट मागणी केली, "सहा साबण द्या." दुकानदार हसला. मागे उभं असलेलं एक पोरगं मात्र म्हणालं, "अरे, सेम हेडमास्तर!" कुकरला खरं तर एकच साबण हवा होता. त्याने सहाही घेतले.

पुढे कुकरच्या लग्नाच्या वेळी मेणबुवाने त्याला म्हटलं, की आपल्याच लॅबमध्ये तुझी फट फुकटात बुजवू. कुकर म्हणाला, "हेडमास्तरने बुजवली का?" विषय संपला.

तर अशी ही परिस्थिती, आणि त्यात एके दिवशी मेणबुवाच्या टेबलावर एक माप आलं.

मापावर नाव नव्हतं. बड्या पेशंटांची नावं डॉक्टरबाई वर पाठवत नसत, नुसता नंबर लिहीत. मेणबुवाने साचा ओतला, वाळल्यावर सोडवला, हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि खुर्चीवर मटकन बसला. समोरच्या दोन दातांमधली ती फट, डाव्या दाताचा उडालेला तो टवका, जरासा आत वळलेला सुळा. ज्या माणसाची टवाळी करण्यासाठी आपण त्याच्या तोंडाकडे एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून पाहत आलो, त्याचं तोंड आता मुठीत आलं होतं. चाहते चेहरा ओळखतात, सही ओळखतात. जबड्यावरून ओळखायला कट्टर विरोधकच लागतो, आणि तोही याच धंद्यातला.

नंबराखाली डॉक्टरबाईंची सूचना होती. टवका भरावा. फट पूर्ण बंद करावी.

मेणबुवाला प्रथम जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नव्हता. त्याने दार लोटून घेतलं. हेडमास्तर आपली शिट्टी स्वतःहून बुजवून घ्यायला आला होता! म्हणजे ती कला नव्हती, वाद्य नव्हतं, काही नव्हतं. दंतवैद्यकाचं एक रखडलेलं काम होतं. इतक्या वर्षांचा खटला एका प्लास्टरच्या तुकड्यावर निकालात निघाला होता, आणि तोही खुद्द आरोपीच्या कबुलीने. मेणबुवाने मेण पातळ केलं आणि फटीत भरलं. असं देखणं काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. दोन दात एकमेकांना असे चिकटले, की मधून कागदही जाऊ नये. साचा त्याने फळीवर मागच्या रांगेत ठेवला, वर फडकं टाकलं आणि शीळ घालत घरी गेला.

बायकोला सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. तिचा नाही खुलला.

"त्याला कळलं तर?" ती म्हणाली.

"कळणारच. पोर्सेलीन त्यालाच करायचंय. आणि नाही कळलं तर मी सांगीन की! अगं, मी जिंकलो!"

"काय जिंकलात?"

मेणबुवाने उशी थोपटून सारखी केली.

"लहानपणी त्याला माझं नाव घेता यायचं नाही," बायको म्हणाली. तिच्या नावाच्या सुरुवातीलाच 'स' होता. "घरात सगळ्यांनी ताई म्हणायला सुरुवात केली ती त्याच्यासाठी. त्याला एकट्याला वेगळं वाटू नये म्हणून आई-बाबाही मला ताई म्हणायला लागले. तुम्ही खुशाल जिंका."

एवढं बोलून तिने दिवा बंद केला. मेणबुवा कूस बदलत पडून राहिला. आपण विनोदी माणूस आहोत, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती, आणि विनोदी माणसाला कुणी असं सरळ काही बोललं की फार गैरसोय होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कुकर नेहमीपेक्षा आधी आलेला होता. मेणबुवाने मुद्दाम विषय काढला. "काय रे, तुझ्या मास्तरांना म्हणे जीवनगौरव पुरस्कार मिळतोय. जीवन आटोपलं वाटतं?"

कुकर भट्टीच्या काट्याकडे बघत "हं" म्हणाला.

"वस्तऱ्याला नाही देणार कुणी. दिला तरी तो विचारेल, याला कुठली फरशी बसवू?"

"हो."

तेवढ्यात चहावाला आला. त्याने कुकरचा ग्लास पुढे केला. कुकरने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "गोड टाका थोडं."

मेणबुवाच्या हातातली सुरी निवून मेण तिला चिकटलं. त्याने मान वर करून फळीकडे पाहिलं. मागच्या रांगेतलं फडकं होतं तिथेच होतं. पण काल त्याने टाकलं होतं तसं ते नव्हतं; कुणीतरी उचलून परत टाकलं होतं.

"काय झालं रे तुला?" त्याने विचारलं.

"पोट बिघडलंय," कुकर म्हणाला. त्यात एकही 'स' नव्हता.

दिवसभर कुकर तसाच बोलत राहिला. फोनवर कुणाला तरी "उद्या उजाडल्यावर देतो" म्हणाला. मालकिणीने दातांच्या किती कॅप तयार आहेत विचारलं, तर त्याने हाताने सात दाखवले. मेणबुवाला आपल्या विजयाची इतकी लाज वाटली, की त्याने त्या दिवशी वस्तऱ्याचं नावही काढलं नाही. चाळिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप झालेला माणूस एका दिवसात पुन्हा मळक्या कपड्यांच्या पोरासारखा झाला होता. आणि आपण मेण किती सुबक भरलं, म्हणून काल शीळ घालत होतो.

संध्याकाळी खालून बोलावणं आलं. पेशंट आला होता. मेणाच्या नमुन्यावरून तात्पुरते प्लास्टिकचे दात त्याला चढवून दाखवायचे होते आणि रंग जुळवायला लॅबचा माणूस हवा होता. कुकर उठला नाही. "तुम्ही जा, भावजी," एवढंच म्हणाला. रंग जुळवायला एरवी तोच जायचा.

खाली खुर्चीत हेडमास्तर आडवा झाला होता. पोस्टरवर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता, डोक्यावरची टोपी काढल्याने टक्कल दिसत होतं, आणि गळ्यात लाळेरं बांधलेलं होतं. गळ्यात लाळेरं असलं की कुणाचीच लेगसी फारशी उठून दिसत नाही. शेजारी त्याचा मॅनेजर एकाच वेळी दोन फोनवर बोलत उभा होता.

डॉक्टरबाईंनी मेणबुवाच्या नमुन्यावरून केलेले दात चढवले आणि आरसा हातात दिला. "बोलून बघा काहीतरी."

हेडमास्तर बसला, घसा साफ केला. "सरळ सांगतो, सरळ ऐका, सरळ रेषा नसते."

स्वच्छ होतं. निर्मळ होतं. फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणाऱ्या माणसाइतकं शुद्ध होतं. वाऱ्याची झुळूकही कुठून आली नाही.

"वा!" मॅनेजर म्हणाला. "रेकॉर्डिंगवाले पाया पडतील तुमच्या. दर वेळी कॉम्प्युटरवर शिट्टी कमी करत बसावं लागतं बिचाऱ्यांना."

हेडमास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्हाला म्हणून सांगतो, डॉक्टर," तो म्हणाला, "आयुष्यभर लाज वाटली मला त्या शिट्टीची. पहिलं गाणं केलं तेव्हा दात करून घ्यायची ऐपत नव्हती. मग लोकांना वाटलं, स्टाइल आहे. नाही कसं म्हणणार? आता पुरस्कार घेताना तरी माणसासारखं बोलेन."

मेणबुवाच्या हातात दातांच्या रंगांची पट्टी होती. ती हेडमास्तरच्या ओठापाशी धरायची, रंग ठरवायचा आणि वर निघून जायचं, एवढंच त्याचं काम होतं. लॅबच्या माणसाने पेशंटशी बोलायचं नाही, हा डॉक्टरबाईंचा नियमच होता. त्याने पट्टी धरली. मग खाली घेतली.

"मी तुमचा चाहता नाही," तो म्हणाला.

हेडमास्तरला हे वाक्य वीस वर्षांत कुणी तोंडावर म्हटलं नसावं. त्याने ते नीट कळावं म्हणून मान पुढे केली.

"मी वस्तऱ्याचा माणूस. तुमची सगळी गाणी ऐकलीत, पण शत्रूची ऐकावीत तशी. 'नसते'ला 'असते' जोडणं याला मी यमक म्हणत नाही. तुमचा अर्थ लिफ्टच्या दारावर मिळतो. ते बिस्किट तुमच्यापेक्षा बरं नाचलं. स्पष्टच सांगतो, तुमचे शब्द सामान्य आहेत."

"अहो!" डॉक्टरबाई म्हणाल्या. मॅनेजरने आयुष्यात प्रथमच दोन्ही फोन एकदम खाली केले.

"सामान्य," मेणबुवा पुन्हा म्हणाला, कारण आता थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. "तुमच्यात तुमचं म्हणावं असं एकच काही होतं, आणि ते तुम्ही आज बुजवायला आलात. बुजवा. माझं काय जातंय? मी तर इतकी वर्षं हेच म्हणत आलो, की ती कला नाही, नुसता वारा आहे. पण वर माझा मेहुणा बसलाय. त्याला तुमच्यासारखीच फट आहे. विसाव्या वर्षापर्यंत त्याने दुकानात साबण मागितला नव्हता."

"साबण?" हेडमास्तर म्हणाला.

"साबणात 'स' असतो ना. साखरेत असतो. त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नावात असतो. तुमचं गाणं आलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने सहा साबण मागितले. माझ्यासमोर. गरज एकाची होती." मेणबुवाचा आवाज चिरकला आणि त्याचा त्याला भयंकर राग आला. "आज उजाडल्यापासून तो पुन्हा 'गोड टाका' म्हणतोय. तुमचा साचा बघितलाय त्याने. रंग ए-टू लिहा, डॉक्टरबाई. मी निघतो."

तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून काहीतरी ट्रेमध्ये टक्कन पडल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. हेडमास्तरने तात्पुरते दात काढून ठेवले होते.

"सहा साबण," हेडमास्तर स्वतःशीच पुटपुटला. शिट्टी वाजली. मग त्याने मेणबुवाकडे बघितलं. त्या बघण्यात प्रेमाचा लवलेश नव्हता. "आणि सामान्य म्हणालास मला."

"म्हणालो."

"चालता हो."

मेणबुवा वर आला आणि कुकरला म्हणाला, "ए-टू." मालकिणीचा फोन वाजला तेव्हा नोकरी गेली असं धरून त्याने आपल्या सुऱ्या पुसून डब्यात ठेवल्या. मालकीण आत आली आणि म्हणाली, की डॉक्टरबाईंचा निरोप आहे, त्या नंबरच्या पेशंटचा फक्त टवका भरायचा, फटीला हात लावायचा नाही. आणि यापुढे रंग जुळवायला तुम्ही खाली जायचं नाही, कधीही.

मेणबुवाने फळीवरून साचा काढला आणि मधलं मेण खरवडायला बसला. त्याने ते इतकं चांगलं भरलं होतं, की निघता निघेना. कुकर भट्टीपाशी उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "द्या इकडे. साधनं चांगली आहेत माझ्याकडे." 'साधनं' म्हणताना बारीकशी, चाचपडत शिट्टी झाली. दोघांनीही ती ऐकली नाही असं दाखवलं.

पुरस्काराचा कार्यक्रम सगळ्यांनी मेणबुवाच्या घरी टीव्हीवर पाहिला. हेडमास्तर टोपी घालून आला, शाबूत फटीसकट हसला, आणि भाषणात म्हणाला, की ही शिट्टी म्हणजे त्याची आयुष्यभराची साधना आहे, पहिल्या दिवसापासून विचारपूर्वक घडवलेली. मेणबुवाला ठसका लागला. बायकोने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात.

"बघा!" कुकर उठूनच उभा राहिला. "मुद्दाम! मी काय सांगत होतो? साधना!"

"हो बाबा," मेणबुवा म्हणाला. जगात याचा पुरावा खोडू शकणारी जी चार माणसं होती, त्यांतला एक तो होता, आणि त्याला पाण्याचा पेला हातात धरून बसावं लागत होतं.

मग हेडमास्तरने नवं गाणं म्हटलं. संथ, तोलून. मध्येच थांबला, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाला:

"सामान्य म्हणालास? मान्य! पुढचा 'सा' तेवढा माझा,
साध्या दातांमधून येतो सगळा वारा ताजा."

मैदान फुटलं. मेणबुवाने पेला खाली ठेवला. सवयीने त्याने ओळ उलटसुलट करून पाहिली, कुठे उसवते का म्हणून. सामान्य. त्यातला 'सा' काढला की उरतं मान्य. म्हणजे शिवी कबूल केली, तिच्यातली शिट्टी तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली, आणि वर ताजा वारा. कुठेच उसवत नव्हती. वीस वर्षांत या माणसाने एक ओळ अशी लिहिली, की वस्तऱ्यानेही फरशी खाली ठेवून ऐकावी. आणि ती लिहायला त्याला मेणबुवाकडून अपमान करून घ्यावा लागला होता. हे सांगायचं कुणाला?

त्या रात्रीपासून कुकरला दुसरं काही सुचेना. लॅबमध्ये भट्टी लावताना तेच, काढताना तेच. पोर्सेलीन लावता लावता 'सामान्य म्हणालास' म्हणायचा आणि 'सा'वर अशी काही शिट्टी मारायचा, की फळीवरचे जबडे हलतायत असं वाटे. चहावाला आला की "साखर सढळ हाताने सोडा, शेठ" असं तीन-तीन 'स' जोडून ऑर्डर द्यायचा. मेणबुवाच्या घरी येऊन त्याने ताईला पहिल्यांदा तिच्या नावाने हाक मारली. ती ओट्यापाशी उभी होती. तिने मागे वळून न बघता गॅस बारीक केला.

"कोणाला म्हणाला असेल हो हे, भावजी?" एकदा कुकरने काम करता करता विचारलं. "हे 'सामान्य'?"

"असेल कुणीतरी समीक्षक. त्यांना काय उद्योग असतात?"

"समीक्षक तर सगळे त्याच्या बाजूचे आहेत."

"मग दुसरा कुणीतरी असेल. तू कॅपकडे बघ, कडा जाड झालीय."

कुकरने कॅपकडे बघितलं. कडा जाड नव्हती. "बरं, आता तरी सांगा," तो म्हणाला. "कोण मोठा?"

"वस्तरा," मेणबुवा म्हणाला. "शब्दांत, वेगात, यमकात. तीनदा विचारलंस तरी वस्तराच."

कुकरने ब्रश पाण्यात बुडवला, निथळला, आणि मान वर करून मेणबुवाकडे पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं आणि डोळ्यांत नव्हतं.

"सामान्य माणूस आहात तुम्ही, भावजी," तो म्हणाला. 'सा' त्याने चांगला लांबवला.

मेणबुवाने सुरी ज्योतीवर धरली. ती तापल्यावर त्याने मेणाला लावली.

"मान्य," तो म्हणाला.